वाचलेली पंचवीस मिनिटं

स्कूटरच्या दुकानात प्रयोगशाळेत काम करणारी एक मुलगी आपल्या स्कूटरची दुरुस्ती व्हायची वाट पाहत बसली होती. शेजारच्या बाकावर एक नवरा-बायको माहितीपत्रक चाळत होते.

“ही लिटरला पन्नास देते. आपली गाडी चौदा. दोन माणसं न्यायला टनभर लोखंड कशाला ओढायचं?” नवरा म्हणाला.

मुलीनं मनात भागाकार केला. मुद्दा बिनतोड होता.

“खरंय,” बायको म्हणाली.

“शिवाय ऑफिसला जाता-येता गर्दीतून सटकता येतं. रोजची पंचवीस मिनिटं वाचतील.”

“ती वाचवायला तुला कुणी सांगितलं?”

“म्हणजे?”

“घरात पाऊल टाकलं की आई, बाबा, पोरांचा दंगा. आपण दोघं बोलतो ते गाडीतच. स्कूटरवर काय तुझ्या हेल्मेटशी बोलू?”

“सिग्नलला बोल की.”

“चेष्टा नको रे. गेल्या महिन्यात मी रडले, तेसुद्धा गाडीतच.”

त्यानं माहितीपत्रकाची घडी घातली.

“स्कूटर घेऊ. पण गाडी विकायची नाही.”

“मग करायचं काय तिचं?”

“वाचलेली पंचवीस मिनिटं खाली गाडीत बसू. मग वर जाऊ.”

“आणि पेट्रोल?”

“इंजिन बंद ठेवून बोलायला कुठे पेट्रोल लागतंय?”