सगुणाबाईंचं नाव

मंडळी, आधी एक सांगा! देवाला सगळं ठाऊक असतं का नसतं? असतं म्हणता! मग प्रार्थना कशाला करायची? जे त्याला ठाऊकच आहे, ते परत त्याला कशाला सांगायचं? — सांगतो, ऐका.

गोदाकाठच्या एका गावात याकोबमास्तर होते. शाळेतून रिटायर झालेले, चर्चच्या पंचांतले. रविवारी प्रार्थनेला उभे राहिले की अर्धा तास! कोण आजारी, कोण बाळंतीण, कोण परीक्षेला बसलंय — एकेकाचं नाव घेऊन मागायचे. लाजरसभाऊंची म्हैससुद्धा सुटली नाही! हसू नका, म्हैस बरी झाली!

पण घरच्या सगुणाबाईंचं नाव? चाळीस वर्षांत एकदाही नाही! चारचौघांत बायकोचं नाव घ्यायचं कसं? मास्तर म्हणायचे, "घरचं काय, देवाला ठाऊकच आहे."

पुढे सगुणाबाई अंथरुणाला खिळल्या. डॉक्टरांनी हात टेकले. गुरुवारी सकाळी त्या हळूच म्हणाल्या, "अहो, एकदा माझं नाव घेऊन प्रार्थना करा ना. मला ऐकायचंय."

मास्तर अवघडले! भरल्या चर्चपुढे कधी न अडखळलेला माणूस — बायकोपुढे त्याच्या तोंडून शब्द फुटेना! म्हणाले, "अगं, अशी घाईत कशाला? रविवारी करतो. सगळ्यांसमोर! चांगली मोठी!"

"मोठी नको हो. इथंच करा. छोटीशी."

"रविवारी — नक्की!"

शनिवारी दुपारी सगुणाबाई गेल्या. संध्याकाळी माती दिली.

रविवारी मास्तर उभे राहिले. सगळे डोळे मिटून वाट बघताहेत. पण मंडळी, गेलेल्या माणसासाठी देवाकडे मागायची आपल्या चर्चमध्ये रीत नाही! आता मागणार काय? कुणासाठी? एवढंच म्हणाले, "प्रभू... सगुणा... माझी सगुणा..." आणि मटकन खाली बसून लहान पोरासारखे रडले.

देवाला ठाऊक होतं, मंडळी! सगळं ठाऊक होतं! — ठाऊक नव्हतं ते सगुणाबाईंना.

पुढच्या बाकावरचे दाजी, मान खाली घालू नका, तुम्हालाच म्हणतोय! आणि मलाही म्हणतोय! आज घरी जा. ताटावर बसायच्या आधी आपल्या माणसाचा हात धरा. नाव घ्या. दोनच वाक्यं मागा — त्या माणसाला ऐकू येतील अशी. आमेन इथं मला देऊ नका. ते घरी जाऊन म्हणा!