एकाला दिलेलं उत्तर

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि विभागाच्या संचालक मॅडम, व्यासपीठावर बसलेले मुख्य अभियंता साहेब, निविदा शाखेतले अधिकारी आणि कर्मचारी, माझ्यासारखे नकाशांच्या गुंडाळ्या घेऊन या इमारतीचे जिने झिजवणारे वास्तुविशारद, बाईंच्या घरची मंडळी आणि ज्यांच्यासाठी हे सभागृह आज इतकं भरलंय त्या, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या सत्कारमूर्ती बाई, सर्वांना माझा नमस्कार.

बाई निविदा शाखेच्या प्रमुख, पण या विभागात त्यांना पदाने कोणी ओळखत नाही. सगळे म्हणतात, 'असं-का बाई'. बाई, हसू नका, तुम्हालाही ठाऊक आहे! समोर कुठलाही कागद आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "असं का?"

नव्या ग्रंथालयासाठी खुली स्पर्धा निघाली तेव्हाचं सांगते. मसुद्यात एक अट होती: भाग घेणाऱ्याने पूर्वी तीन ग्रंथालयं बांधलेली असावीत. बाईंनी विचारलं, "असं का? मग पहिलं ग्रंथालय कोणी बांधायचं?" अट गेली, आणि माझ्या नि माझ्या मोठ्या भावाच्या, दोन टेबलांच्या आमच्या ऑफिसला दार उघडलं.

जागा पाहायला सगळे स्पर्धक एकदमच गेलो होतो. भूखंडाला लागून एक अरुंद गल्ली, पलीकडे सार्वजनिक बाग. पाहणी संपली, मंडळी पांगली. दादाची स्कूटर सुरू होईना, म्हणून आम्ही मागे राहिलो. तेवढ्यात मुख्य अभियंता साहेब बाहेर आले. दादाने सहज विचारलं, "साहेब, या गल्लीवरून काही बांधता येईल का?" साहेबही सहज म्हणाले, "बघा की. गल्ली आपलीच आहे." साहेब, तुमच्या परवानगीनेच सांगतेय हं हे.

झालं! दादाने नकाशात गल्लीवरून पूल टाकला. वाचता वाचता थेट बागेत उतरायचं. नियमाप्रमाणे नकाशांवर नाव नाही, नुसता क्रमांक. परीक्षकांनी एकमताने तोच क्रमांक निवडला. पाकीट उघडून नाव वाचायचं तेवढं बाकी होतं.

आणि बाईंनी विचारलं, "बाकी सगळे हद्दीच्या रेषेवर थांबले. हा एकटाच पुढे कसा गेला?"

परीक्षक म्हणाले, "कल्पकता! दुसरं काय?"

"असेल. पण बाकीच्यांना गल्ली सुचली नाही, की मिळालीच नाही?"

साहेब तिथेच बसले होते. गप्प राहिले असते तर कोणाला कळलं असतं? पण ते म्हणाले, "मला एकाने विचारलं होतं. मी हो म्हणालो." यासाठी साहेबांना आज वेगळ्या टाळ्या द्यायला हव्यात.

मुख्य परीक्षक वैतागले. "अहो, गावाला चांगली इमारत मिळतेय. अडवता कशाला?"

"इमारत चांगलीच आहे," बाई म्हणाल्या, "पण एकाला दिलेलं उत्तर सगळ्यांना द्यायचं, असा आपलाच नियम आहे. पाकीट उघडता येणार नाही."

फेरी रद्द झाली. सगळ्यांना पत्रं गेली: गल्लीवरून बांधकाम करता येईल, नव्याने नकाशे द्या, परीक्षकही नवे असतील. दादाने पत्र वाचलं आणि ताडकन उठला. "हा तर माझा प्रश्न! यांनी सगळ्या जगाला वाटला!" तो तडक इथे आला, मी त्याच्या मागे. दार ढकलून म्हणाला, "बाई, प्रश्न विचारणं गुन्हा आहे का? माझा क्रमांक..."

बाईंनी हात वर केला. "क्रमांक सांगू नका! बाद व्हाल." मग खुर्ची पुढे केली. "प्रश्न चांगला होता हो. म्हणून तर उत्तर सगळ्यांना द्यावं लागलं."

दादा भांडायला आला होता. पण यावर भांडणार कसं?

आम्ही पूल पुन्हा काढला, पहिल्यापेक्षा देखणा. आणि हरलो. एका नवराबायकोच्या छोट्या ऑफिसने बाजी मारली. त्यांनी पूल बांधलाच नाही. त्यांनी इमारतच गल्लीवर नेली, खालचा भाग उघडा ठेवला आणि गल्लीचा सावलीतला ओटा केला. जाणारा-येणारा पिशवी खाली ठेवून वाचत बसेल असा. आधीच्या फेरीत निवडलेला क्रमांक आपलाच होता, हे आम्हाला निकालानंतर साहेबांकडून कळलं. मी तर रडलेच. दादा मात्र स्पर्धेतल्या नकाशांच्या प्रदर्शनात त्या नकाशासमोर कितीतरी वेळ उभा होता. म्हणाला, "अगं, हे आपल्याला का नाही सुचलं?"

आमचा पूल जास्त चांगला झाला असता का? मला अजूनही कुतूहल आहे. आजही त्या ओट्यावर बसलं की मी मान वर करून पाहते, पूल कुठे आला असता ते.

गेल्या आठवड्यात बाई अचानक आमच्या ऑफिसात आल्या. "तो पूल आहे का हो अजून? मला बघायचाय." दादाने स्टुलावर चढून माळ्यावरून गुंडाळी काढली, झटकली. बाई ओणव्या होऊन पाहत राहिल्या. पुलावर दादाने एक माणूस काढला होता, बोटाएवढा. "हा कोणाची वाट बघतोय?"

"कोणाची नाही," दादा म्हणाला, "पुस्तक परत करायचं त्याच्या जिवावर आलंय."

त्या खळखळून हसल्या. मी धीर करून विचारलं, "तेव्हा आवडला होता तुम्हाला?"

"मत द्यायचा अधिकार नव्हता मला," त्या म्हणाल्या. "पण किती दिवस हा पूल डोळ्यांसमोरून हलेना."

दादाने नकाशा गुंडाळून त्यांच्यापुढे धरला. "घेऊन जा, बाई."

त्यांनी दोन्ही हात मागे घेतले. "अजून खुर्चीवर आहे मी!"

म्हणून, मंडळी, आज आम्ही भाऊबहीण रिकाम्या हाताने आलोय. चौकट करून नकाशा आमच्या ऑफिसच्या दाराशी उभा करून ठेवलाय. बाई आज कार्यालय सुटताना खुर्ची सोडतील. उद्या सकाळी दादा त्यांच्या घरी जाईल, आणि तेव्हा, बाई, 'असं का' विचारायचं नाही!

मला बोलायला बोलावलंत, इतकं निवांत ऐकून घेतलंत, त्याबद्दल अध्यक्षांची आणि आपणा सर्वांची मी ऋणी आहे. मायेच्या भरात एखादा शब्द अधिक-उणा गेला असेल, तर तो पोटात घालावा. नमस्कार.