जात्यांची भिंत

मंडळी, ऐका! आज देवाच्या दारात एकच प्रश्न टाकतो. शेकडो माणसांना संकटातून बाहेर काढणारा माणूस स्वतःच्या संकटात का बुडतो? खांबाला टेकलेले काका, नुसती मान हलवू नका, उत्तर द्या! नाही ना येत? मग गोष्ट ऐका.

कोरलगड नावाचा डोंगरी किल्ला. फार जुना काळ. किल्लेदार सुभानजी नाईक, खाली शत्रूचा वेढा. एके सकाळी सुरुंग उडाला — धडाड! — आणि तटाला बैलगाडी जाईल एवढं भगदाड! अशा वेळी माणूस काय करतो? भगदाडाकडेच धावतो! खालून गोळ्या येतायत, आणि गडावरची माणसं पडलेले दगड उचलून परत तिथंच रचतायत. हसताय काय? आपणही तेच केलं असतं.

सुभानजी गरजला, "मागं फिरा! पडलं ते पडलं, त्याच्याकडं बघू नका. घरात काय उरलंय ते घेऊन या. मागं दुसरी भिंत घालायचीय!"

घरात काय असणार हो? सोन्याच्या विटा? बायकांनी जाती आणली, उखळं आणली, जनावरांच्या पाण्याच्या दगडी डोण्या ओढत आणल्या. सुभानजीची बायको चिमाऊ सगळ्यांच्या पुढं, आपलं लग्नातलं जातं घेऊन! भगदाडाच्या आतल्या अंगाला भिंत उभी राहिली. शत्रू जोरात आत घुसला, तर समोर पुन्हा भिंत, आणि भिंतीवरून भाले! अडकला बिचारा. बिचारा म्हणालो का मी? असू द्या, जिंकल्यावर म्हणता येतं.

गड वाचला. 'दसऱ्यानंतर बघतो' असा दम देऊन शत्रू पावसाळ्यापुरता लांब छावणीला गेला. पण मंडळी, सुभानजीचा एकुलता एक मुलगा रायाजी गेला. भगदाडाकडं धावलेल्या माणसांना बखोटीला धरून तो मागं ओढत होता. बापाचाच हुकूम पाळत होता! शेवटच्या माणसाला आत ढकललं, आणि गोळी छातीत.

त्या दिवसापासून सुभानजी सकाळी उठायचा आणि भगदाडात जाऊन बसायचा. गवंडी चुना घेऊन आले. "हात लावू नका! माझं पोर पडलंय इथं." हवालदार म्हणाला, "नाईक, दसरा जवळ आला, गनीम परत येईल." सुभानजी म्हणाला, "बघू." आणि भगदाड बुजत नाही तोवर आतली भिंत सोडवायची कशी? म्हणजे गडावरची सगळी जाती भिंतीत! दळायचं कशावर? माणसं घुगऱ्या खातायत, भाकरीचं नाव नाही. एक दिवस पानात भाकरी नसली तर तुम्ही घर कसं डोक्यावर घेता, ते मला ठाऊक आहे!

शेवटी चिमाऊ उठली. सुनेला, गोजराला, बरोबर घेतलं, भिंतीपाशी आली आणि सरळ आपलं जातं ओढायला लागली.

सुभानजी भगदाडातूनच ओरडला, "कुणाच्या हुकमानं?"

"तुमच्याच, धनी. पडलं त्याच्याकडं बघू नका, म्हणालात. माणसांनी ऐकलं, म्हणून जगली. आणि हुकूम देणारा रोज भगदाडात येऊन बसतो?"

सुभानजी म्हणाला, "त्याच हुकमानं पोर गेलं, चिमे. मीच मारलं त्याला."

इतके दिवस पोटात धरलेलं ते हे होतं! चिमाऊनं जातं सोडलं. आईच ती! पदर तोंडाशी धरून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "हुकूम खरा होता. रायाजीला तो पटला होता, म्हणून तो लोकांना ओढत होता. आता त्याच हुकमातलं उरलेलं करा. घरात काय उरलंय ते बघा."

सुभानजीनं मान वळवली. गोजरा उभी होती. जात्याचा वरचा दगड दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला, ओझ्यानं वाकलीय, तरी खाली ठेवत नाही. मुलगा गेल्यापासून त्यानं सुनेच्या तोंडाकडं पाहिलंच नव्हतं.

"पोरी, ठेव खाली."

"नको मामंजी. दळायचंय. आत्याबाईंनी किती दिवसांत भाकरी खाल्ली नाही."

सुभानजी उठला. दगड तिच्या हातातून घेतला, खांद्यावर टाकला. गवंड्यांपाशी थांबला आणि एवढंच म्हणाला, "चुना मळा."

दुपारी घरात जातं फिरायला लागलं. सासू आणि सून, एका खुंट्यावर दोघींचे हात. ओसरीवर सुभानजी पहिल्यांदा मोकळेपणानं रडला. आणि रडून झाल्यावर तटावर कामाला गेला. दसऱ्यानंतर गनीम आला, तो उभा तट बघून खालूनच परत फिरला.

मंडळी, तुमचं भगदाड कुठलं, मला ठाऊक नाही. कुणाचं माणूस गेलं असेल, कुणाचं काम सुटलं असेल, कुणाला भाऊ दुरावला असेल. रडा! देवापुढं रडायला लाज कसली? पण तिथं मुक्काम करू नका. आज घरी गेल्यावर दार उघडायला कोण येतं, त्याच्या तोंडाकडं नीट बघा. त्याच्या हातात काय जड आहे ते विचारा, आणि घ्या आपल्या खांद्यावर.

चला, आता टाळ उचला. पांडुरंगाचं नाव गडाच्या तटापर्यंत जाऊ द्या! आणि काका — तुम्हीसुद्धा. खांब सोडा. तो तुमच्याशिवाय उभा राहील!