बोटावरची पट्टी

माझं माहेर कराडचं. लग्न करून इकडे ब्रिटनमध्ये, कार्डिफला आले त्याला तीस वर्षं होतील, आणि ताई, इथे मी कधी मत दिलं नव्हतं, ते सगळं आमच्या ह्यांचं खातं. मी आपली केअररची नोकरी करायची, गाडी घेऊन घरोघर जायचं, म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या, चहा करून द्यायचा. मग हे गेले, आणि राहिलो मी आणि माझी मुलगी रिया.

आता पुढचं सांगते, ते तसंच लिहा. एका सकाळी मला उशीर झाला होता, गाडीत फोन वाजला, मी खाली बघितलं, काय सांगू तुम्हाला, बघितलं आणि मान वर केली, एवढंच, आणि वळणावर एक म्हाताऱ्या बाई रस्ता ओलांडत होत्या. त्या गेल्या. चूक माझीच होती, मी कोर्टातही तेच सांगितलं. शिक्षा झाली, अर्धी आत काढली, उरलेली बाहेर, म्हणजे प्रोबेशनच्या बाईंकडे हजेरी द्यायची आणि काही चुकलं तर परत आत. अजून दारातून पत्र पडलं की मी ते आधी रियाकडून वाचून घेते.

आत असताना इलेक्शन आलं होतं. तेव्हा तिथली ऑफिसर म्हणाली, तुम्हा लोकांना मत नाही. मी धरून चालले की आता कायमचंच नाही. आणि बाहेर आल्यावर रिया एक दिवस म्हणते, आई, मी कौन्सिलच्या मतदार यादीच्या फॉर्मवर तुझा नाव टाकला. तिचं मराठी असंच. मी खालीच बसले. म्हटलं, अगं, मला परत आत पाठवतेस का? ती म्हणाली, तू बाहेर आहेस, तुला अलाउड आहे, मी वाचलंय. पण वाचण्यात चूक होत नाही का हो?

मी जाणारच नव्हते. पण आमच्या वॉर्डात पोटनिवडणूक लागली आणि एक उमेदवार दारात आले, म्हणाले, त्या वळणावर आम्ही झेब्रा क्रॉसिंग करून घेऊ, तिथे एक बाई गेल्या, तुम्हाला माहीत असेल. कुणाशी बोलतोय हे त्यांना काय ठाऊक. ते गेल्यावर मी ठरवलं, त्या क्रॉसिंगसाठी तरी मत द्यायचं.

मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी माझी हजेरी. कराडला बोटाला शाई लावायचे, ती महिनाभर जायची नाही. म्हटलं, प्रोबेशनच्या बाईंनी बोट बघितलं की संपलं. म्हणून पर्समध्ये चिकटपट्टी ठेवली. चर्चच्या हॉलमध्ये मतदान होतं, तिथे गेले, नाव सांगितलं आणि डाव्या हाताचं बोट पुढे केलं. टेबलावरच्या बाई बोटाकडे बघतात, माझ्याकडे बघतात, मग कागद दिला आणि म्हणाल्या, पेन्सिल आत बूथमध्ये आहे. शाई नाहीच. मत दिलं, आणि तरी बाहेर येऊन मी पट्टी लावली, तुम्ही हसा हवं तर.

दुसऱ्या दिवशी प्रोबेशनच्या बाईंनी तेच विचारलं, बोटाला काय झालं? माझ्याच्यानं खोटं बोलवेना. सगळं सांगितलं आणि वाट बघत बसले, आता कुणाला तरी फोन करतील. त्या म्हणाल्या, सुटलात त्या दिवसापासून तो तुमचा हक्क आहे. मी तिथेच रडले.

ते उमेदवार पडले. वळण आहे तसंच आहे. मी गाडीला हात लावत नाही, पण मधूनमधून तिथे जाऊन उभी राहते, का ते विचारू नका. परवा एक म्हातारी आली, म्हणाली, मला जरा पलीकडे नेतेस का? मी तिचा हात धरला. मी दोन्ही बाजूंना इतक्या वेळा वळून बघत होते की रस्त्याच्या मध्यावर तीच मला म्हणाली, घाबरू नको गं, मी आहे ना. पलीकडे पोचलो आम्ही. ती सुखरूप राहो, एवढंच लिहा.