आधी तुम्ही

—नाही, सीटचा पट्टा लावाच, आणि पायाशी ते ब्लँकेट आहे ना ते घ्या, कुत्र्याचं आहे पण धुतलेलं आहे. या गाडीचा हीटर म्हणजे आमच्या कॉलेजचं बजेट, आहे म्हणायचं. हां, तर मुलाखतीआधी तुम्ही विचारलंत, शिकवायला विषय कुठकुठले आहेत. संगणकाच्या पदवीला? भरपूर. माहितीपुस्तकात पाहिलंत ना, पानं भरून आहेत — थिबोदोबाई, तुम्हाला तिकडे लुइझियानात बसून वाटलं असेल, काय थाट आहे या हॅल्वर्सन कॉलेजचा, मिनेसोटाच्या एका कोपऱ्यात एवढे विषय. आता असं आहे, पुस्तकात असणं वेगळं आणि वर्गात असणं वेगळं. ग्राफिक्स घ्या. ते व्हिटकॉम शिकवायचा, तो गेला माँटानाला, अल्पाका पाळतो तिथे, नाताळला लोकर पाठवतो. विषय मात्र अजून पुस्तकात, कारण विषय घालायला एक समिती लागते आणि काढायला तीन. डेटाबेस व्हॉलीबॉलची कोच शिकवते, दुसऱ्या सत्रात तिला सामने नसतात म्हणून — हसू नका, बरी शिकवते, उत्तर चुकलं की मैदानाला चक्कर मारायला लावते, आमच्या पोरांची प्रकृती सुधारली. ‘संगणक आणि सदसद्विवेक’ आमचे पाद्री नीगार्ड घेतात, परीक्षा नाही आणि दर तासाला कॉफीबरोबर लिंबाच्या वड्या, त्या विषयाला बसायला जागा मिळत नाही. आणि बाकीचे? बाकीचे मी. मी म्हणजे आर्न टॉर्गरसन, विभागप्रमुख, आणि तसं पाहिलं तर विभागही मीच.

आणि नावांवर जाऊ नका. आमच्या डीन, प्रूटबाई, मागच्या वर्षी कुठल्याशा परिषदेला जाऊन आल्या, तिथे त्यांना कुणी सांगितलं की प्रत्येक विषयाच्या नावात ‘एआय’ पाहिजे. झालं. डेटा स्ट्रक्चर्स होतं त्याचं ‘एआय युगातील डेटा स्ट्रक्चर्स’ झालं. नोट्स त्याच, विनोदही तेच, तारखा तेवढ्या मी खोडल्या. मुलं दुप्पट आली हो, खोटं कशाला सांगू, प्रूटबाईंनी मला मेजवानीत टाळ्या वाजवायला लावल्या, माझ्यासाठी, मलाच. मग पॉइंटरसारखं अवघड प्रोग्रामिंग शिकवायला घेतलं तशी निम्मी पोरं पळाली. म्हणजे शेवटी होती तेवढीच राहिली, फक्त आता चिडलेली. आणि गृहपाठ? गृहपाठ मशीन लिहितं. परवा एकाला म्हटलं, अरे, तुझं उत्तर फार सुंदर आहे, आता मला समजावून सांग — तर म्हणाला, सर, तुम्हालाच समजलं असेल तर तुम्हीच सांगा. मला पोरगा आवडला. निदान प्रामाणिक होता.

डावीकडे तळं आहे, गोठलंय, त्या ज्या खोपट्या दिसतात त्यात लोक बसून मासे धरतात. मासे मिळत नाहीत. बायकोपासून लांब बसायला मिळतं.

एक मात्र सांगतो, हे तुम्हाला आवडेल, कारण हे आपल्या धंद्यातलंच आहे. ऑपरेटिंग सिस्टिम्सला बसायचं तर आधी नेटवर्क्स झालेलं हवं, असं पुस्तकात लिहिलंय. आणि नेटवर्क्सला बसायचं तर आधी ऑपरेटिंग सिस्टिम्स झालेलं हवं. बरोबर. दोन्हीकडून कुलूप. कित्येक वर्षं तसंच छापतोय आम्ही, कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण पोरं माझ्याकडे येतात आणि मी सही करून सोडतो. आणि त्याच वर्गात उभा राहून मी त्यांना डेडलॉक शिकवतो — दोघं एकमेकांसाठी अडून बसलेत, हा म्हणतो आधी तू, तो म्हणतो आधी तू, आणि जगाच्या अंतापर्यंत दोघंही दारात. एकाही पोराने विचारलं नाही, सर, हे आपल्याच पुस्तकात नाही का. म्हणजे मी काय शिकवलं, तुम्हीच सांगा.

कंपायलर्स? — आहे ना. आहे पुस्तकात. ‘वर्षाआड, मागणी असल्यास.’ मागणी नसते. तुमचा तोच विषय ना? हो, वाचला मी तुमचा प्रबंध. दोनदा वाचला. शेवटचा तो मी शिकवला ब्रिटा म्हणून एक मुलगी होती तिला, एकटीला, प्रूटबाईंनी एकीसाठी वर्ग देता येत नाही म्हटलं म्हणून कँटीनमध्ये. डेअरीवाल्यांची मुलगी. तिने स्वतःची एक संगणकभाषा बनवली, कंपायलरसकट, गोठ्यातली दूध काढायची यंत्रं चालवायला, त्यात आज्ञा कशा, तर ‘थांब’, ‘हळू’, ‘शाब्बास’. तिचा पहिला प्रोग्राम चालला ना, तेव्हा मी तिथे सगळ्यांसमोर रडलो. कढई घासणारा आला, म्हणाला, प्रोफेसर, कुणी गेलं का. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, हे बायकोला, जोआनला, सांगू नका, संध्याकाळी जेवायला आहे ती.

तर तुम्ही आलात की तो विषय चालेल. तुमच्या नावावर मुलं येतील. याआधीचे उमेदवार वेगळे होते — हो, होते ना, या वर्षी तुम्ही चौथ्या. पहिला तो रोबोटवाला, तो इथून परत गेला आणि नको म्हणून कळवलं. दुसरी कुणी डेटावाली, तिने जेवणही घेतलं नाही. तिसरा तर विमानतळावरून निघाला आणि अर्ध्या वाटेत म्हणाला, पोटात दुखतंय. प्रूटबाई मला विचारतात, आर्न, तू बोलतोस तरी काय त्यांच्याशी. मी काय बोलणार? हेच. जे आहे ते. तळं, हीटर, विषय... आता खरं ऐकून माणूस पळत असेल तर त्यात माझा काय दोष.

काय? — हो, तिघंही याच गाडीतून. आणायला दुसरं कोण आहे, विभागच मी आहे म्हटलं ना.

हां, आता हा आमच्या गावातला मोठा चौक, मोठा म्हणजे एकच आहे. चारही बाजूंना ‘थांबा’ची पाटी. जो आधी आला तो आधी जाणार, असा नियम आहे, पण तो बाहेरच्यांसाठी. इथली माणसं सभ्य. तो निळ्या ट्रकवाला आपल्या आधी आलाय, पण तो हात दाखवतोय, आधी तुम्ही. मी त्याला दाखवतो. पलीकडे त्या मिसेस ऑस्टबी आहेत, त्या दोघांनाही दाखवतायत. बसा आता. एकदा हिमवादळात चार गाड्या इथे कॉफी संपेपर्यंत उभ्या होत्या. पोरांना डेडलॉक शिकवायला मी इथे आणायचो, पूर्वी, पोरं होती तेव्हा.

मी? तुम्ही आलात तर माझं काय? — माझं काय असणार. मी... म्हणजे, प्रूटबाईंकडे खुर्ची एकच आहे. नवं माणूस मिळालं की मी निवृत्त, नाही मिळालं की मी आणखी एक वर्ष, तसं आजवर चाललं. या खेपेला कुणी नाही मिळालं तर मात्र विभाग व्यापार शाखेत विलीन करणार म्हणतात, मग मीही नाही आणि विषयही नाहीत, एक ‘व्यवसायासाठी एआय’ राहील, ते कोच शिकवेल. जोआन म्हणते, घरी बसलास तर तू मला टाइमटेबल लावशील. लावेनही. दुसरं मला येतं काय? माझ्या खोलीतला फळा बघाल तुम्ही, त्यावर ब्रिटाच्या भाषेचं व्याकरण अजून तसंच आहे, साफ करणाऱ्याला मी हात लावू देत नाही. — नाही, रडत नाहीये. हीटरचा वारा लागतो डोळ्यांना.

काय म्हणालात?

तुम्ही यावं असं मला वाटतं का...

मिसेस ऑस्टबी अजून हात दाखवतायत बघा. ट्रकवालाही. सगळे माझ्याकडेच बघतायत.

बरं. निघतो. मीच निघतो आधी. — आणि ऐका, कंपायलर्स मंगळवारी ठेवा, सकाळी नको, जेवणानंतर. मंगळवारी कँटीनमध्ये ॲपल पाय असतो, पोरं त्यासाठी येतातच, आलेली बसतात. फळा पुसायचा तर पुसा. पुसण्याआधी एकदा वाचा मात्र. आता जरा बोलू नका, पुढे बर्फ आहे, मला गाडी चालवू द्या.