वहीतलं शून्य

कानाच्या दवाखान्यात माझा नंबर यायचा होता. शेजारच्या बाकावर साठीचे एक गृहस्थ, हातात तपासणीचा कागद, आणि त्यांची थोरली बहीण.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"बारीक आवाज ऐकू येणं बंद झालंय. चार-पाच वर्षं तरी झाली असतील, म्हणाले."

"मग एवढं तोंड पाडायला काय झालं? वय झालं आपलं. मशीन लाव आणि मोकळा हो."

"ताई, माझे बेडूक नखाएवढे. दिसत नाहीत, आवाजावरून मोजावे लागतात."

"तीस वर्षं तेच ऐकतेय मी."

"गेली चार वर्षं वहीत शून्य आहे. तळ्यातून ते संपले, असा अहवाल मीच दिला."

"बरं, मग?"

"त्यावरच तळ्याचं संरक्षण काढलं. पुढच्या महिन्यात भराव टाकणार आहेत."

"…तुझ्यासोबत दुसरं कुणीच नसायचं?"

"चिखलात बसायला कोण येणार? ही होती तोवर यायची कधीमधी, थर्मास घेऊन. ती गेल्यापासून मी एकटाच."

"मला सांगायचंस."

"तुला बेडकांची किळस."

"किळस आहेच. आले असते तरी."

"परवा तळ्यावर रेकॉर्डिंग केलंय, या फोनमध्ये. मला नुसता वारा ऐकू येतो. तू ऐकतेस?"

"लाव."

"ऐकू येतंय काही?"

"…"

"ताई?"

"थांब जरा. मोजतेय."