मंदाकिनी चालेल का?

नाही नाही, थांबा, ते टोक टेकवू नका अजून — माझं ठरलेलं नाही. पेला ठरलाय, पेला हाच, कानाचा, एवढुसा, तिच्या मुठीत मावेल असा, नावाचं म्हणतेय मी. तुम्ही विचारलंत काय कोरू, माझ्या तोंडून निघून गेलं मंदाकिनी, आणि तुम्ही भिंग काढून माझ्याकडे पाहिलंत. पाहिलंत की. भुवयाही वर गेल्या, मला दिसल्या. रागवत नाही हो मी, काल दवाखान्यात माझ्या भावाच्याही अशाच गेल्या होत्या. पाळण्यात वीतभर पोर, नाक म्हणजे नुसतं शर्टाचं बटण, आणि तिचं नाव मंदाकिनी — भाऊ म्हणाला, ताई, हे म्हणजे तान्ह्या बाळाला आजीचा चष्मा लावण्यासारखं आहे. आणि मला इतकं हसू आलं, इतकं हसू आलं की नर्स डोकावून गेली. हसू कशाचं? अहो, चष्मा माझाच ना. मंदाकिनी मीच. माझंच नाव ते.

ही खुर्ची रिकामी आहे ना? बसते. त्या ढाली जरा सरकवते हं, कुणाच्या का असेनात — ‘लांब उडी, प्रथम’, छान. तर पोर माझ्या पुतणीची. भावाची एकुलती एक मुलगी, तिला परवा मुलगी झाली, आणि काल मी बघायला गेले तर ही पडल्या पडल्या म्हणते, आत्या, हिचं नाव मंदाकिनी ठेवतेय, पण तू हो म्हटलंस तरच. उद्या संध्याकाळी घरी सोडणार आम्हाला, तोवर सांग. उद्या म्हणजे आज. म्हणजे बघा, चार वाजत आले, आणि मी तिला हो म्हणायच्या आधी पेला घेऊन बसलेय. अक्कल बघा माझी. रात्रभर झोप नाही, सकाळी दोन्ही पायांत वेगवेगळ्या चपला घालून बाहेर पडले — नाही, आत्ता बरोबर आहेत, बघू नका, वळणावरून परत गेले मी.

खरं सांगा, तुमच्या ओळखीत साठीच्या आतली एक तरी मंदाकिनी आहे? मान हलवू नका, आठवा. नाहीच. अहो, हल्लीची नावं कशी, फुंकर मारल्यासारखी, ओठ उघडले की संपलं. मंदाकिनी म्हणायला माणसाला वेळ काढावा लागतो. मला कुणी काढला नाही. शाळेत गणिताच्या बाई म्हणायच्या, नावात मंद आणि डोक्यातही मंद, आणि अख्खा वर्ग हसायचा, मीसुद्धा हसायचे, काय करणार. भाऊ तर बँकेत होता. काल काय म्हणाला माहितेय, जन्मभर बँकेत काढलाय मी, घरात मंदी येऊ देणार नाही. त्यावर जावई हसला, पुतणी हसली, आणि पोर जी रडायला लागली ती थांबेना. म्हटलं, घ्या, तिलाच पसंत नाही.

आणि तसं पाहिलं तर नाव वापरलंय कुठे मी? कोरं करकरीत आहे. घरात ताई, मग आत्या, शेजारी म्हणतात कोपऱ्यावरच्या बाई. परवा बँकेत पुकारलं, मंदाकिनी, मंदाकिनी — मी आपली मान वळवून बघतेय, कोण बाई आहे, उठत का नाही, लोकांचा खोळंबा करतेय. शेवटी त्यांनी आडनाव घेतलं तेव्हा उठले. कामावरही तेच. मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये होते, तिथे मी सात नंबर. सहा नंबर, सात नंबर, आठ नंबर, सगळ्या ओळीने बसलेल्या, समोर हा एवढा बोर्ड, त्यात भोकं, हातात दोऱ्या. तेव्हा फोन आपोआप लागत नसे, आम्ही जोडून द्यायचो, या गावचा माणूस त्या गावच्या माणसाला. लाईन बिघडली की लाईनमन खांबावर चढायचा आणि वरून बोलून बघायचा, हॅलो हॅलो, एक दोन तीन, ऐकू येतंय का.

आमच्या एका लाईनमनला त्या एक दोन तीनचा कंटाळा होता. उंच, किडकिडीत, खिशात कायम पक्कड, त्यामुळे सगळ्या शर्टांचे खिसे फाटलेले. त्याने कुठून तरी माझं नाव शोधून काढलं आणि खांबावरून तेच म्हणायला लागला. मंदाकिनी, मंदाकिनी, ऐकू येतंय का? मी खाली, कानाला यंत्र लावून, अगदी कोरडी — येतंय, बोला. आणि बाजूला सहा नंबर तोंडात रुमाल कोंबून हसतेय. मी त्याला विचारलं, माझंच नाव का? तर म्हणतो, शास्त्र आहे त्यात. मं घुमला पाहिजे, दा आपटला पाहिजे, कि कापत गेला पाहिजे आणि नी लांबवर पोचली पाहिजे, चारही नीट आले म्हणजे तारेत खोट नाही. थापा हो सगळ्या. पण इतकं नीट कोणी म्हटलं नव्हतं ते नाव, त्याच्याआधी. तुम्ही म्हणून बघा एकदा. बघा — तुम्हीसुद्धा घाई केलीत.

मग एकदा काय झालं, लाईन तपासून झाली तरी तो बोलतोच आहे. म्हणाला, लाईन उत्तम आहे, आता एक खाजगी विचारू का? आणि विचारलं. वारा सुटलेला होता वर, अर्धं वाऱ्यातच गेलं, पण जे कळायचं ते कळलं. मी म्हटलं, थोडं थांबा. वडील अंथरुणाला खिळलेले, भाऊ अर्ध्या चड्डीतला, आईचे हात कधीच रिकामे नाहीत — मी कशी उठून जाणार? थांबला तो. बराच थांबला, खोटं कशाला बोलू. मग बदली झाली, लांबची, मग लग्न झालं त्याचं. फोटो पाहिलाय मी, छान होती बायको, हसरी. नाही, मी काही त्याच्यापायी राहिले नाही, राहिले आपली, एकेकाचं राहून जातं. पण हे मी तुम्हाला का सांगतेय? भावाला माहीत नाही हे, पुतणीला माहीत नाही. तुम्ही ते भिंग लावा बघू परत डोळ्याला, नुसतं माझ्याकडे बघत बसलात की मी बोलतच सुटते.

गंमत पुढेच आहे. तो गेला आणि शब्द राहिला. नवीन आलेल्यांना वाटलं, खात्याचाच शब्द आहे हा. पलीकडच्या गावच्यांनीही उचलला, त्यांचा ऐकून आणखी पलीकडच्यांनी. ज्यांचं तोंड मी कधी पाहिलं नाही असे गडी भर उन्हात खांबाला मिठी मारून माझ्या कानात माझं नाव घेत होते, आणि एकालाही पत्ता नाही की ही बाई आहे आणि ती जेवणाचा डबा उघडून बसलीय. एकाने तर मलाच विचारलं, ताई, मंदाकिनी म्हणजे काय हो? म्हटलं, लाईन चालू आहे, असा अर्थ होतो. तो म्हणाला, असं होय. लिहूनही घेतलं असेल मेल्याने. मग आपोआप लागणारे फोन आले, माणसं येऊन बोर्ड उचलून घेऊन गेली, भिंतीवर नुसता चौकोन राहिला पांढरा. आणि त्या दिवसापासून ते नाव कोणी घेतलं नाही.

एक ही पुतणी सोडली तर. आठ वर्षांची होती, मला विचारलं, आत्या, तुला नाव आहे का? सांगितलं. आठवडाभर घरात तेच, जिना चढताना एकेक पायरीला एकेक अक्षर, आणि मग सायकल आली तर सायकलीचं नाव मंदाकिनी. मंदाकिनी पंक्चर झाली, मंदाकिनीची चेन पडली, मंदाकिनीला कोणी तरी पाडलं आणि पळून गेलं. लोक घाबरून चौकशीला यायचे.

पण माणसाचं मन बघा. काल ती म्हणाली तुझं नाव ठेवते, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? दया आली असेल हिला. आत्याला आपलं कोणी नाही, चला, नाव तरी ठेवू. दारापर्यंत गेले, परत आले, आणि स्पष्ट विचारलं तिला — पोटात ठेवायची सवय नाही मला, म्हणजे आहे, पण काल नव्हती. म्हटलं, कीव करून ठेवतेस का गं? तर ती हसायलाच लागली, पोट धरून. आत्या, टाके दुखतायत, हसवू नकोस मला. तुझं कुठे ठेवतेय, मी तर माझ्या सायकलीचं ठेवतेय. घरी येईपर्यंत एकटीच हसत होते रस्त्याने, लोक बाजूला होत होते.

पण पोरीचं काय, ते मात्र डोक्यातून जात नाही. मोठ्यांचं ठीक आहे, आपल्याला आठवणींचं कौतुक. तिला शाळेत जायचंय. मंद म्हणतील, मंदी म्हणतील, जावई तर म्हणतो मॅन्डी म्हणू, म्हटलं म्हणून बघ. उद्या ती मोठी होऊन मला विचारेल, आजी, तुला नाही कसं म्हणता आलं नाही? मी तोवर असेन का, हा भाग वेगळा. नाही, पण नुसत्या नावाने माणूस मंद होतं का? मी झाले? अहो, चाळीस दोऱ्या एका वेळी सांभाळत होते मी. तुम्ही म्हणाल ना, बाई, मग अडलंय कुठे? अडलंय हे, की मला इतकं हवंय, इतकं हवंय, की माझ्यावर माझाच विश्वास नाही. लहान मुलाला भूक लागल्यावर खाऊ वाटायला बसवल्यासारखं झालंय—

हा माझाच वाजतोय. पर्समध्ये. थांबा, इथेच कुठे — पुतणीच आहे. हॅलो? हो गं. नाही, बाहेर आहे. बाहेर म्हणजे बाहेर, कामाला. तू पडून राहा. निघालात? गाडी यायचीय अजून, बरं. सांगते ना, संध्याकाळ कुठे झालीय... कोण रडतंय एवढं? मग तू घे ना तिला. बाबाने घेतलंय? त्याला धरता तरी येतं का — मान धर म्हणावं मानेखाली. काय म्हणतोय तो? कोणाला हाक—

ओ.

नाही. तुला नाही गं. काही नाही, तोंडातून गेलं. ठेव तू. अगं ठेव, मी करते नंतर.

माझा भाऊ होता. पोरीला खांद्यावर घेऊन खोलीभर फिरतोय आणि मंदाकिनी, मंदाकिनी करून तिला समजावतोय. कालचा तोच माणूस. बहात्तर वर्षांत पहिल्यांदा ऐकलं मी त्याच्या तोंडून ते नाव, ताई म्हणतो ना तो मला, धाकटा. आणि मी ओ दिली. तुम्ही ऐकलंत. नाही, पाणी नको. हसतेय मी, हे असंच दिसतं माझं हसणं.

कोरा तुम्ही. पूर्ण कोरा, चारही अक्षरं, पहिल्यावरचा अनुस्वार ठसठशीत. आणि घाई करू नका. आता थोडा वेळ माझ्याशी बोलू नका, तुम्ही तुमचं काम करा.